वजनाच्या ऑपरेशननंतर पोटात अचानक कळ उठली तर

"डॉक्टर, माझी बायपास झालीये," असं मी रात्री अकरा वाजता जवळच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत सांगितलं. गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर पडले होते. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने लगेच माझ्या छातीला ईसीजीच्या वायरी लावल्या. त्याला तरी काय बोलणार? आपल्याकडे बायपास म्हटलं की हृदयच. ईसीजी उत्तम निघाला. मग ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं आणि "सकाळी सोनोग्राफी करू" असं आश्वासन. माझ्या आतड्याला तेव्हा पीळ पडलेला होता. दीड तास आम्ही सगळे चुकीच्या अवयवाकडे बघत होतो.

ही माझ्या गॅस्ट्रिक बायपासनंतर एकवीस महिन्यांनी घडलेली गोष्ट. तोवर छत्तीस किलो उतरले होते आणि मी स्वतःला पेशंट मानणं सोडून दिलं होतं.

ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा पुढच्या महिन्यात आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. यात घरगुती उपचार सापडणार नाहीत. कधी उठून निघायचं, गेल्यावर काय बोलायचं आणि त्यातून बाहेर पडल्यावर अंगात पुन्हा त्राण कसं आणायचं, एवढंच सांगते.

आधी आपलं ऑपरेशन नावानिशी ओळखा

"वजनाचं ऑपरेशन" हे काही नाव झालं नाही. तुमचं कोणतं झालंय त्यावर पुढे काय बिघडू शकतं ते ठरतं.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग स्टेपल मारून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. त्यामुळे स्लीव्हवाल्यांना मुख्य भीती पहिल्या काही आठवड्यांची असते. स्टेपलची ती लांब शिवण कुठेतरी उसवली, बहुतेक वेळा अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या जवळ, तर आतलं पोटात झिरपतं. त्याला लीक म्हणतात.

बायपासमध्ये (पूर्ण नाव रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास) जठराचा चहाच्या छोट्या कपाहूनही लहान, साधारण तीस मिलिलिटरचा कप करतात. आतडं कापून इंग्रजी वाय अक्षरासारखं जोडतात. म्हणजे दोन जोड आले. उरलेलं जुनं जठर मात्र आतच राहतं, फक्त अन्नाचा रस्ता त्याला वळसा घालून जातो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो. आपल्याकडे तेही बरंच होतं. बँड, म्हणजे जठराभोवती आवळायचा पट्टा, आता फारसा कोणी बसवत नाही. आणि जठरात बसवतात तो फुगा म्हणजे ऑपरेशनच नव्हे. पण त्यातलं निळं पाणी फुटून लघवी निळी-हिरवी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, कारण रिकामा फुगा खाली सरकून आतड्यात अडकू शकतो.

मग एक कार्ड करा, आजच

डिस्चार्ज कार्ड कपाटात, फाइलमध्ये, पिशवीत, पिशवी माळ्यावर. आमच्याकडे असंच होतं. त्या रात्री नवरा फोनवर सासूबाईंना "निळी पिशवी, निळी" म्हणून सांगत होता.

आता माझ्या पाकिटात एक लॅमिनेट केलेलं कार्ड असतं, नवऱ्याच्या पाकिटात दुसरं, आणि फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. पुढच्या बाजूला मराठीत आणि मागे इंग्रजीत हेच लिहिलंय:

"पोटाची बायपास झाली आहे, हृदयाची नाही. रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास, तारीख अमुक. सर्जनचा मोबाइल अमुक. पित्ताशय: आहे. आतड्याच्या पडद्यातल्या फटी शिवल्या: होय, दुसऱ्या ऑपरेशनमध्ये. नाकातून नळी अंदाजाने घालू नये. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन देऊ नये. उलट्या चालू असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावं. पोटात जोराची कळ असेल तर कॉन्ट्रास्ट देऊन सीटी, आणि बॅरियाट्रिक (वजनाच्या ऑपरेशनच्या) सर्जनला फोन."

या फटी कसल्या ते पुढे सांगते. त्या शिवल्या की नाही, हे तुम्हाला बहुधा माहीत नसेल. मलाही नव्हतं. पुढच्या तपासणीला सर्जनला सरळ विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

पहिला महिना: नाडी मोजायला शिका

पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरलेला असतो, तो छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. चालल्यावर ते उतरतं. टाक्यांची ठणक, थोडी मळमळ, थकवा हेही होणारच, आणि ते रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. आज कालपेक्षा वाईट वाटतंय, आणि उद्या आणखी वाईट, असं झालं की थांबायचं नाही.

लीकची पहिली खूण बऱ्याचदा पोटात दिसतच नाही, नाडीत दिसते. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये पडला असेल तर तो काढा, सेल बदला. त्यावर दोन आकडे येतात. ऑक्सिजनच्या आकड्याकडे सगळे बघतात, आपल्याला दुसरा, नाडीचा, हवाय. ऑक्सिमीटर नसेल तर मनगटावर बोटं ठेवून तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. दहा मिनिटं शांत बसल्यावरही नाडी शंभराच्या वर राहत असेल तर सर्जनला फोन. एकशेवीसच्या वर असेल तर फोन गाडीत बसून करा. रक्तदाबासाठी नाडी मंदावणाऱ्या गोळ्या (ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या) चालू असतील तर नाडी खोटं बोलू शकते, तेव्हा त्या आकड्यावर विसंबू नका.

नाडीसोबत ताप, थंडी वाजणं, धाप, डाव्या खांद्यात किंवा डाव्या बरगडीखाली नव्याने सुरू झालेलं दुखणं, लघवी कमी होणं, ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) असेल तर त्यातून गढूळ किंवा प्यायलेल्या सरबताच्या रंगाचं पाणी येणं, या सगळ्या त्याच घरच्या गोष्टी. आणखी एक आहे, ती कुठल्या तपासणीत येत नाही. पेशंटला आतून विलक्षण घाबरल्यासारखं होतं, "काहीतरी बिनसलंय" असं तो म्हणत राहतो. घरच्यांनी ते मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये. आणि पोट दाबून मऊ लागलं म्हणून कोणीच निर्धास्त होऊ नये, कारण या ऑपरेशननंतर आत गडबड असूनही पोट बऱ्याचदा मऊच लागतं.

लीक बहुतेक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळतो, म्हणजे घरी आल्यावर. म्हणून डिस्चार्ज मिळाला की संपलं, असं धरून लगेच गावी जाऊ नका. निदान दहा-बारा दिवस दवाखान्यापासून तासाभराच्या अंतरात राहा. मावशीकडे, लॉजवर, कुठेही.

पायाची एक पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं आणि छातीत टोचणं ही रक्ताच्या गुठळीची लक्षणं. स्लीव्हनंतर साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास यकृताकडे जाणाऱ्या शिरेतही गुठळी होऊ शकते. तेव्हा पोट दुखतं पण नेमकं कुठे ते सांगता येत नाही. पाणी कमी पिणाऱ्यांना धोका जास्त.

महिन्यांनी, वर्षांनी: आतड्याचा पीळ

इथे जरा सावकाश वाचा, विशेषतः बायपासवाल्यांनी.

आतडं पोटात सुटं लोंबत नसतं. परकराच्या झालरीसारखा एक पडदा त्याला मागच्या भिंतीशी धरून ठेवतो, आणि त्या पडद्यातूनच आतड्याला रक्त जातं. बायपासमध्ये आतडं कापून वर ओढून जोडतात तेव्हा या झालरीत फटी तयार होतात. त्यातल्या एका फटीला पीटरसन या जर्मन सर्जनचं नाव आहे. त्याने ती १९०० साली वर्णन केली, म्हणजे वजनाची ऑपरेशनं अस्तित्वात यायच्या कितीतरी आधी. गंमत अशी (मला तेव्हा अजिबात गंमत वाटली नव्हती) की वजन उतरतं तेव्हा झालरीतली चरबीही उतरते आणि फट मोठी होते. म्हणजे जितकं तुमचं छान चाललंय तितकी वाट मोकळी. तिच्यातून आतडं घुसतं, कधी आपोआप परत येतं, कधी पीळ बसून अडकतं. याला इंटर्नल हर्निया म्हणतात. बाहेर फुगवटा दिसत नाही, त्यामुळे हर्निया म्हटल्यावर लोक जो गोळा शोधतात तो सापडत नाही.

आता बरेच सर्जन या फटी पहिल्याच ऑपरेशनमध्ये शिवतात. स्वीडनमध्ये १२ केंद्रांत अडीच हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. आतडं अडकल्यामुळे तीन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण फटी न शिवलेल्यांत सुमारे दहा टक्के होतं, शिवलेल्यांत साडेपाचच्या आसपास. म्हणजे शिवल्याने धोका कमी होतो, जात नाही. "माझ्या शिवल्यात" म्हणून कळ अंगावर काढू नका.

माझी कळ कशी होती ते सांगते, कारण पुस्तकातलं वर्णन वाचून मला ती ओळखता आली नसती. त्या आधीचे दोन महिने जेवणानंतर कधीकधी बेंबीच्या वर, जरा डावीकडे पिळवटायचं, पाठीत जायचं आणि अर्ध्या-एक तासात नाहीसं व्हायचं. सासूबाई म्हणाल्या वायगोळा. मलाही पटलं. ओवा खाल्ला की जायचं. खरं तर आतडं आपणहून परत यायचं आणि श्रेय ओव्याला मिळायचं. त्या रात्री मऊ भात आणि वरण खाल्लं होतं. पाऊण तासाने कळ आली आणि गेलीच नाही. उताणं पडलं की असह्य, गुडघे टेकून पुढे वाकलं की जरा बरं. वर उमासे, पण बाहेर काहीच पडेना. जठराचा कपच एवढासा, त्यात उलटीला असणार काय? त्यामुळे "उलटी नाही ना, मग आतडं अडकलेलं नाही" हा हिशोब बायपासवाल्यांना लागू होत नाही.

अडकण्याची जागा जुन्या जठराच्या बाजूला असेल तर उलटी अजिबात होत नाही. पोटाचा वरचा भाग फुगतो, उचक्या थांबत नाहीत, नाडी वाढते. वाट बंद झालेलं ते जुनं जठर आतल्या आत फुग्यासारखं भरत जातं. ते फुटू शकतं, म्हणून न थांबणारी उचकी इथे थट्टेचा विषय नाही.

गरोदर बायांनी तर फारच जपायला हवं. वाढणारं गर्भाशय आतड्याला वर ढकलतं, आणि शेवटच्या महिन्यांत पीळ पडल्याचे प्रसंग येतात. घरात सगळे त्या कळांना बाळाच्या कळा समजतात. बायपास झालेल्या गरोदर बाईच्या पोटात वरच्या बाजूला कळ आली तर प्रसूतीच्या डॉक्टरबरोबर बॅरियाट्रिक सर्जनलाही त्याच वेळी कळवायचं. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत असं सांगतात, त्याची कारणं वेगळीही आहेत, पण हे लक्षात असू द्या.

बाकीचे अचानक दुखणारे

जोडाजवळचा अल्सर: छातीखाली जळजळ, खाल्लं की दुखतं, कधी काळी शी. तो फुटला तर सुरी खुपसल्यासारखी एकाच क्षणी सुरू झालेली कळ, आणि हलताही येत नाही. याची कारणं बहुतेक आपल्या हातातली असतात: बिडी-सिगारेट आणि दुखण्याच्या गोळ्या. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, व्होवेरान म्हणजे डायक्लोफिनॅक, डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. पाठ दुखली म्हणून मेडिकलमधून "एक पत्ता द्या" म्हणायचे दिवस गेले. साधी पॅरासिटामॉल चालते. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

पित्ताचे खडे: वजन झपाट्याने उतरताना होतात. उजव्या बरगडीखाली, तेलकट खाल्ल्यावर, रात्री. ते टाळायला पहिले सहा महिने गोळ्या देतात, त्या महाग वाटतात म्हणून सोडू नका. डोळे पिवळे झाले, ताप आणि थंडी आली तर त्याच दिवशी दाखल व्हा. बायपासनंतर तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतला खडा काढणं सोपं नसतं, कारण रस्ताच बदललेला आहे, तेव्हा लहानशा दवाखान्यात दोन दिवस घालवू नका.

ज्याला घाबरायचं नाही

दोन शंकरपाळ्या किंवा अर्धा बेसनाचा लाडू खाल्ला आणि पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब, डोळ्यांपुढे अंधारी: हे डंपिंग. गोड झपकन आतड्यात उतरल्याची शिक्षा. आडवं पडलं की तासाभरात उतरतं. खाल्ल्यानंतर दीड-दोन तासांनी थरथर आणि भूक लागली तर साखर घसरलेली असते. ते वारंवार झालं तर डॉक्टरांना सांगायचं.

घास अडकणं हे दुसरं. छातीच्या मध्ये दगड बसल्यासारखं, तोंडाला फेसाळ लाळ. पाव, कोरडं चिकन, उपासाची साबुदाण्याची खिचडी ही नेहमीची गुन्हेगार मंडळी. साबुदाणा तर मी कायमचा सोडला. एकादशीला दूध आणि राजगिरा. अडकलं की वरून पाणी ओतायचं नाही, फेऱ्या मारायच्या, तो आपोआप सरकतो. चार-सहा तासांत सरकला नाही, स्वतःची थुंकीही गिळता येईना, तर मात्र दवाखाना.

फरक असा ओळखा: डंपिंगचा कशाशी तरी संबंध असतो आणि ते उतरणीला लागतं. कळ दोन तासांत उतरली नाही, किंवा झोपेतून उठवू लागली, किंवा पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊ लागली, तर ती डंपिंगच्या खात्यात टाकू नका.

कळ उठली, आता पहिल्या तासात

तोंडातून काहीही नाही. ईनो नाही, सोडा नाही, हिंगाचं पाणी नाही, "पोट साफ होईल" म्हणून एरंडेल तर मुळीच नाही. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून देणाऱ्या काकूंना नम्रपणे चहा द्या. गरम पाण्याची पिशवीही नको. शेवटचं काय, किती वाजता खाल्लं आणि कळ किती वाजता आली, हे कुठेही लिहून ठेवा.

नाडी मोजा. सर्जनच्या नंबरवर फोन करा, व्हॉट्सॲपवर "सर पोटात दुखतंय" असा मेसेज टाकून दोन निळ्या खुणांची वाट बघत बसू नका. स्वतः गाडी चालवू नका. अंग गार पडलं, शुद्ध हरपतेय, धाप लागलीये असं असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

कुठे जायचं? इथे लोकांची घालमेल होते, आमचीही झाली. माझे सर्जन पुण्यात, मी साताऱ्याजवळ. माणूस वाईट अवस्थेत असेल तर सीटी आणि ऑपरेशन करू शकणारा जनरल सर्जन असेल ते जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं, आणि दोन सर्जनना फोनवर बोलू द्यायचं. पीळ पडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते काही तासांत मरतं, आणि ते तास हायवेवर घालवायचे का हे डॉक्टरांनी ठरवावं. माझी नाडी आणि रक्तदाब तेवढे बरे होते म्हणून सर्जननी "लगेच निघा, सीटी तयार ठेवतो" म्हटलं. खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत मी सीटवर ओणवी बसले होते, प्रत्येक गतिरोधकाला नवऱ्याला शिव्या देत.

कॅज्युअल्टीत काय बोलायचं

पहिलं वाक्य ठरवून ठेवा. माझं आता असं आहे: "वजन कमी करायची पोटाची बायपास दोन वर्षांपूर्वी झाली आहे. कळ चार तास थांबत नाहीये. इंटर्नल हर्निया असू शकतो, सर्जन फोनवर आहेत." आवाज चढवायचा नाही. डॉक्टर रात्रपाळीत असतात, शत्रू नसतात. फोन त्यांच्या हातात द्यायचा.

सलाईन लावतील, ती गरजेची असते. पण तुम्हाला बरेच दिवस उलट्या होत असतील किंवा खाणंपिणं जवळजवळ बंद असेल तर नर्सला थायमिनची, म्हणजे बी-१ ची, आठवण करा. शरीरात ते संपलेलं असताना नुसत्या ग्लुकोजची बाटली लागली तर मेंदूला इजा होऊ शकते: दोन-दोन दिसणं, तोल जाणं, बरळणं. आपल्याकडे अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात "एक बाटली लावून या" म्हणायची पद्धत आहे. वजनाच्या ऑपरेशनवाल्यांनी उलट्या चालू असताना तसं परस्पर करू नये.

सोनोग्राफीत आतड्याचा पीळ सहसा दिसत नाही, गॅस आडवा येतो. सीटीत रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गरगरा फिरलेल्या दिसल्या की जाणकार ओळखतो. माझ्या फिल्मवर सर्जननी बोट ठेवून दाखवलं: खरंच, पाण्यात पडतो तसा भोवरा. पण सीटी आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले येऊनही पीळ असू शकतो. कळ थांबत नसेल तर दुर्बिणीने आत डोकावून बघणं हा अतिउत्साह नसतो. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, घरी जा" असं कोणी म्हणालं तर "माझ्या सर्जनशी एकदा बोलून मग जाते" एवढं म्हणायचं आणि खाट सोडायची नाही.

नंतरचं सावरणं

माझं आतडं निळसर पडलं होतं. पीळ सोडवून, गरम पाण्यात भिजवलेले कपडे लावून सर्जन वाट बघत राहिले, आणि आतडं हळूहळू गुलाबी झालं. कापावं लागलं नाही. दोन्ही फटी न विरघळणाऱ्या धाग्याने शिवल्या. चौथ्या दिवशी घरी. वेळेत पोचलेल्या पिळाचं असं होतं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा स्लीव्हचा लीक होता. त्यांचं गणित आठवड्यांचं होतं: पोटात ड्रेन, तोंडातून काहीच नाही, आतड्यात घातलेल्या नळीतून पांढरं दूधासारखं अन्न, आणि लीकची जागा आतून झाकायला दुर्बिणीतून बसवलेली नळी, म्हणजे स्टेंट. स्टेंट असताना छातीत दुखतं, मळमळतं, त्या रोज विचारायच्या, "हे कधी काढणार?" लीक बरा होतो, पण आपल्या सोयीने होत नाही. अशा वेळी घरच्यांनी रजा एकदम न टाकता वाटून घ्याव्यात, कारण तिसऱ्या आठवड्यात सगळे थकलेले असतात.

दोघींनाही काही गोष्टी सारख्याच होत्या. दुसऱ्या दिवसापासून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या. तीन रंगीत गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्र दर तासाला. फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, पहिला दिवस मी उलटंच करत होते. गुठळी होऊ नये म्हणून पोटात टोचायचं इंजेक्शन, कधीकधी घरी गेल्यावरही काही दिवस.

घरी पहिलं काम पाणी. एका वेळी तीस मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या दहाच्या झाकणाने तीन झाकणं, दर पंधरा मिनिटांनी. कंटाळवाणं आहे. मोबाइलला गजर लावा. दिवसाला दीड लिटरच्या आसपास पोचायचंय, आणि लघवी गडद पिवळी दिसली की आपण मागे पडलोय.

खाणं पुन्हा पहिल्या इयत्तेपासून: निवळ ताक, पेज, नारळपाणी, मग दूध, गाळलेलं सूप, नाचणीचं आंबील, मग मऊ मुगाचं वरण, कुस्करलेलं पनीर, अंडं, आणि शेवटी भाकरी, तीही ताकात कुस्करून. कुठला टप्पा किती दिवस, ते तुमच्या ऑपरेशनवर आहे, डॉक्टर सांगतील. डाळीच्या वरचं पाणी प्रेमाने पाजणाऱ्यांना मात्र कोणीतरी आवरा. प्रथिनं खाली डाळीत राहतात, वर येतो तो फोडणीचा वास. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहाच्या आसपास असतात, कपभर दुधात आठ. हिशोब केलात तर कळेल की पावडरीशिवाय सुरुवातीला जमत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

भरलेली बादली, पाच लिटरचा कुकर, नातवंड: महिना-दीड महिना उचलायचं नाही. टाक्यांमधून पाणी आलं, ताप आला, कळ परतली तर तोच पहिला तास पुन्हा सुरू.

बी-१२, लोह, कॅल्शियम, डी हे तर जन्मभराचं आहे. आतड्याचा तुकडा काढावा लागला असेल तर रक्ततपासण्या जास्त वेळा कराव्या लागतात. केस गळतील, तीन-चार महिन्यांनी. दोन ऑपरेशनांनंतर माझे दोनदा गळले.

आणि भीती. पोटात गुडगुड झालं तरी मी नाडी धरून बसायचे. "कशाला केलंस ते ऑपरेशन" हे भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकदा म्हटलंच. त्यावर मी माझ्या मधुमेहाच्या बंद झालेल्या गोळ्यांची नावं सांगायला शिकले. भीतीवर उपाय म्हणून सर्जननी एक वही करायला सांगितली: वेळ, काय खाल्लं, कुठे दुखलं, नाडी, किती वेळात उतरलं. वहीत एकच जागा आणि एकच वेळ पुन्हा पुन्हा दिसू लागली तर फोन करायचा, नाहीतर पान उलटायचं. तपासणीला ही वहीच घेऊन जाते, डॉक्टर रिपोर्टच्या आधी ती बघतात.

गेल्या दिवाळीतली नोंद अशी आहे: "पाडवा, दुपारी चार. दोन शंकरपाळ्या. वीस मिनिटांनी घाम, मुरडा. नाडी १०४. पडून राहिले, चाळीस मिनिटांत उतरलं." त्याखाली नवऱ्याच्या अक्षरात: "सहा होत्या."